बाखचा बी मायनर सोनाटा दोघांनी मिळून कसा बसवावा

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याचा फ्लूट आणि हार्पसिकॉर्ड (पियानोसारखे, पण तारा छेडून वाजणारे वाद्य) यांच्यासाठीचा बी मायनर सोनाटा (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक बी. डब्ल्यू. व्ही. १०३०) बसवायला घेताना बासरीवादकाने फक्त आपल्या ओळीचा कागद बाजूला ठेवून दोन्ही वाद्यांची पूर्ण स्वरलिपी समोर घ्यावी. बाखच्याच ई मायनर सोनाटात (१०३४) हार्पसिकॉर्डसाठी डाव्या हाताचा खर्ज आणि त्यावरचे स्वरसमूह सुचवणारे आकडे एवढेच लिहिलेले आहेत, बाकीची भर वादक स्वतः घालतो. इथे मात्र उजव्या हाताची ओळही बाखने लिहून दिली आहे आणि ती बासरीच्या तोडीची आहे. तिला साथ समजून वाजवले, की सोनाटा निम्मा हरवतो.

पट्टी आधी ठरवावी. त्या काळच्या एका चावीच्या लाकडी बासऱ्यांच्या प्रतिकृती बहुधा ए स्वर ४१५ हर्ट्झला धरून, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा सुमारे अर्ध्या सुराने खाली असतात. धातूची बासरी असेल तर हार्पसिकॉर्ड ४४० लाच लावून घ्यावा. पियानोवर वाजवायचे झाल्यास पेडलला पाय लावू नये.

सोनाटाच्या तीन भागांपैकी पहिला, अँडान्टे (मध्यम संथ चालीचा), सर्वांत लांब आणि माझ्या मते सर्वांत अवघड आहे. तो आधी बासरी आणि फक्त उजवा हात, मग बासरी आणि फक्त डावा हात असा संथ लयीत वाजवावा. त्यानंतर बासरीवादकाने बासरी खाली ठेवून दोन्ही हात नुसते ऐकावेत. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, त्यामुळे कीबोर्डची पट्टी जोरात दाबूनही सूर मोठा होत नाही. म्हणून मुख्य स्वरावली उजव्या हाताकडे गेली, की बासरीने आपला लांब सूर फुगवू नये.

श्वासाच्या जागा पेन्सिलीने आधीच नोंदवाव्यात, कारण बासरीला विसावा फार थोडा मिळतो. बाखच्या काळातला बासरीवादक क्वांट्झ याने १७५२ सालच्या आपल्या बासरीवादनावरच्या ग्रंथात आखूड स्वरानंतर, आणि बारच्या (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या) शेवटच्या स्वरानंतर तर मुळीच, श्वास घेऊ नये असे बजावले आहे. लांब स्वर पुढच्या आखूड स्वराला जोडलेला असेल तिथे श्वास सहज लपतो.

दुसऱ्या भागात, लार्गो ए डोल्चेमध्ये (संथ आणि मधुर), बासरीने निवांत गावे. शेवटच्या, जलद प्रेस्टोमधला फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या ओळी एकामागून एक उचलतात अशी रचना) एका थांब्यावर येतो आणि पुढे १२/१६ च्या तालातली जीग (नाचाच्या चालीची रचना) सुरू होते. तिच्यातले आघात ठोक्याला चकवतात, म्हणून त्या थांब्यावर दोघांनी नजर मिळवून नवी लय मनात एकदा मोजावी आणि मगच पहिला स्वर उचलावा.