वजन जास्त असेल तर बायोप्सीशिवाय फॅटी लिव्हर कसं तपासायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ वाचून लोक निर्धास्त होतात आणि ‘ग्रेड ३’ वाचून हादरतात. दोन्ही चूक. ग्रेड सांगतो तो चरबीबद्दल, तोही पाहणाऱ्याच्या नजरेचा अंदाज. सिरॉसिसकडे (यकृत कायमचं कडक होऊन निकामी होण्याकडे) नेतो तो फायब्रोसिस, म्हणजे यकृतात हळूहळू साचत जाणारे व्रणतंतू, आणि सुरुवातीचा फायब्रोसिस साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. खरा शोध त्याचा घ्यायचा.

आधी कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पँटचा पट्टा बसतो तिथे मोजलं तर सुटलेल्या पोटाखालचा आकडा मिळतो आणि उगाच समाधान होतं. पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या वर कंबर, बीएमआय २५ किंवा जास्त, त्यात मधुमेह असेल तर पुढची पायरी टाळू नये.

एकाच वेळच्या रक्तातून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, त्यातच प्लेटलेट येतात), एसजीओटी आणि एसजीपीटी (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) करून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून बाजूला काढा. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून विषय संपत नाही, फायब्रोसिस असूनही ते नॉर्मल असू शकतं. म्हणून ‘फिब-४’ काढायचा, म्हणजे वय आणि याच तपासण्यांवरून फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. घोळ होतो तो प्लेटलेटमध्ये. आपल्या लॅबच्या कागदावर १.९ लाख किंवा १,९०,००० लिहिलेलं असतं. सूत्रात घालायचे १९०.

वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.९ लाख. वर ४८ × ५२ = २४९६. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून खाली १९० × ८ = १५२०. उत्तर १.६४. उत्तर शंभराच्या पुढे किंवा ०.००१ च्या आसपास आलं, तर प्लेटलेट चुकीच्या एककात घातले आहेत.

१.३ च्या खाली (६५ वर्षांपुढे २ च्या खाली) वाढलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी. मधुमेह असेल तर तरीही वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा काढावा. २.६७ च्या वर असेल तर थेट यकृततज्ज्ञाकडे. मधल्या पट्ट्यात, म्हणजे वरच्या उदाहरणात, फायब्रोस्कॅन: बाहेरूनच यकृताचं काठिण्य, म्हणजे कडकपणा मोजणारी चाचणी. पस्तिशीच्या आतल्यांत हा आकडा भरवशाचा नाही. पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला असेल तर थांबा: त्यात प्लेटलेट घसरतात, एसजीओटी चढतं आणि फिब-४ खोटाच फुगतो. जिममध्ये जोरदार व्यायाम केल्यावरही स्नायूंतून एसजीओटी वाढतं.

फायब्रोस्कॅनला किमान ३ तास उपाशी जायचं. जेवल्यावर यकृताचा रक्तपुरवठा वाढतो आणि काठिण्य जास्त दिसतं. चहा-बिस्किटंही नकोत. उताणं झोपून उजवा हात डोक्याखाली घ्यायचा, म्हणजे बरगड्यांमधली जागा मोकळी होते. लठ्ठ माणसाच्या बाबतीत सगळं अडतं ते प्रोबवर, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या यंत्राच्या भागावर. नेहमीचा एम प्रोब त्वचेखाली २५ ते ६५ मिमीवर मोजतो. त्वचेपासून यकृताचं अंतर २५ मिमीपेक्षा जास्त असेल तर तो वरच्या चरबीतच अडकतो. रीडिंग येतच नाही, किंवा फसवं येतं. तिथे ३५ ते ७५ मिमीवर मोजणारा एक्सएल प्रोब लागतो. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा, ‘एक्सएल प्रोब आहे ना?’ नसेल तर दुसरं सेंटर शोधा. पैसे भरल्यावर ‘रीडिंग मिळालं नाही’ ऐकायची वेळ येऊ नये.

रिपोर्टमध्ये आधी बघा वैध रीडिंग १० आहेत का. मग आयक्यूआर (रीडिंगमधला फरक) आणि मीडियन (मधलं रीडिंग) यांचं गुणोत्तर: काठिण्य ७.१ किलोपास्कलच्या वर असताना ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर रीडिंग विखुरलेली आहेत, चाचणी पुन्हा करा. काठिण्य ८ च्या खाली असेल तर वाढलेला फायब्रोसिस बहुतेक नाही. ८ ते १२ संशयास्पद. १२ च्या वर धोका जास्त. कॅप हा दुसरा आकडा चरबीचा. २७५ डेसिबल प्रति मीटरच्या वर असेल तर चरबी आहे असं धरतात. नुकतीच झालेली कावीळ, हार्ट फेल्युअरमुळे यकृतात तुंबलेलं रक्त किंवा आदल्या काही दिवसांतलं भरपूर मद्यपान काठिण्य खोटं वाढवतं. पोटात पाणी झालं असेल तर हे यंत्र उपयोगाचं नाही.

एक्सएल प्रोबनेही जमलं नाही, तर एमआर इलास्टोग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्रात यकृताचं काठिण्य मोजणं. महाग आहे, मोजक्याच ठिकाणी होते, पण पोटाच्या घेरापुढे सहसा हरत नाही. फक्त माणूस यंत्राच्या बोगद्यात मावतो का, हे आधी विचारून घ्या.