काउस्लिप कसं ओळखायचं, आणि नावात शेण कुठून आलं

काउस्लिप हे पिवळं रानफूल, इंग्लंडमधे राहत असाल तर ते बघायला एप्रिल-मेमधे चुन्याच्या जमिनीवरच्या कुरणात नक्की जा. पानांचा झुबका जमिनीला चिकटलेला, त्यातून एकच दांडा वर, आणि टोकाला पिवळ्या फुलांचा घोस एका बाजूला झुकलेला दिसला की गुडघ्यावर बसा आणि एक फूल आत बघा, पाचही पाकळ्यांच्या बुडाशी केशरी ठिपका असतो आणि वास घेतलात तर जर्दाळूची आठवण येते, खूप गोड वास आहे हो! प्रिमरोझ या त्याच्याच जातभाईशी गल्लत होते, पण प्रिमरोझच्या प्रत्येक देठाला एकच मोठं फिकट फूल असतं.

आता नाव. बरेच जण 'काउज् लिप' म्हणजे गाईचा ओठ समजतात, तसं नाहीये, फोड 'काउ' अधिक 'स्लिप' अशी करायची, जुन्या इंग्रजीत 'कूस्लिप्पे' म्हणजे गाईचं शेण, कारण गुरं चरतात तिथेच हे उगवतं. मला हे नाव फार आवडतं.

झुकलेला घोस किल्ल्यांच्या जुडग्यासारखा दिसतो, म्हणून जर्मनमधे 'श्ल्युसेलब्लुमे', किल्लीचं फूल. येशूचा शिष्य सेंट पीटरच्या हातून स्वर्गाच्या किल्ल्या पडल्या तिथे हे उगवलं अशी गोष्ट सांगतात.

फोटो काढा, पण उपटू नका प्लीज, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानरोप उपटणं तिथे 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे.