फळांची कुरकुरीत भजी: कढई चढवण्याआधी

जाळी काढा. फळं, पीठ, तेल सगळं नंतर. आधी जाळी शोधा, धुवा, पुसा आणि ओट्यावर दिसेल अशी ठेवा. ओव्हनबरोबर आलेली असेल तर उत्तम, नसेल तर पापड भाजायची चालते, दोन असल्या तर दोन्ही घ्या. ती परातीवर किंवा पसरट पातेल्याच्या काठांवर अशी बसवा की खालून हवा खेळली पाहिजे. मागच्या भिशीला बाकी सगळं मनासारखं जमलं होतं, पण मी तळलेली भजी हॉट केसमध्ये एकावर एक रचली आणि वर झाकण लावलं. बायका येईपर्यंत झाकणाला आतून थेंब लटकले होते आणि अननसाच्या चकत्यांवरून पिठाचं कातडं सुटून आलं होतं. कुणी काही बोललं नाही. चहा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

अननसात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि ते कढईतून बाहेर आल्यावरही आतून वाफ होऊन निघत राहतं. वाफेला वाट मिळाली तर वरचं कवच कडक राहतं, कोंडली तर त्याच पाण्यात भिजून सादळतं. कागदावर ठेवलं तर वरची बाजू वाचते आणि खालची बसते. म्हणून जाळी. वर्तमानपत्र तर नकोच. त्याची शाई अन्नात उतरते, आणि अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांत त्यावर सरळ बंदी आहे. तरी ठेल्यावर काय चालतं ते आपण बघतोच.

आता फळं. केळी आपल्याकडे इंदूरला बुऱ्हाणपूरची, भरपूर आणि स्वस्त. साल पूर्ण पिवळी पण देठाशी अजून हिरवट, अशी घ्या. काळे ठिपके आले की आतल्या स्टार्चची साखर झालेली असते, ती तेलात लगेच करपते आणि केळं कापातच ढेपाळतं. सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी ठेवलेली, सालीतून वास सुटलेली केळी इथे खपवायला जाऊ नका. केरळात पळम्पोरी, म्हणजे केळ्याची भजी, करतात ती नेंद्र केळ्याची. ते केळं पिकलं तरी घट्ट राहतं, आपल्या राजेळीसारखं. ते मिळालं तर पिकलेलंच घ्या, तिथे माझा वरचा नियम लागू नाही. काप उभे, अर्धा सेंटिमीटर जाड, आणि पीठ तयार झाल्यावरच करा, नाहीतर काळे पडतात.

अननस आंबटगोड पण टणक हवा. डोळे काढा, मधला दांडा काढा, एक सेंटिमीटरच्या चकत्या करा. डब्यातला पाकातला अननस आणू नका, तो पाक कितीही निथळला तरी संपत नाही. चकत्यांवर आधी साखर-मीठ भुरभुरायचा मोह होतो, तोही आवरा, पाणी सुटतं. फणसाचे पिके गरे मिळाले तर नशीब. इंदूरच्या भाजीबाजारात फणस म्हणजे कच्चा, भाजीचा कटहल, तेव्हा कोकणातून कुणी येणार असेल तर आधीच सांगून ठेवा. आंबा घ्यायचाच तर करकरीत तोतापुरी. पपई, चिकू नको.

कापलेली फळं स्वच्छ पंचावर पसरा, वर दुसरा पंचा घालून हलक्या हातानं दाबा. अननसाला हे दोनदा करावं लागतं. मग चकत्या कोरड्या तांदळाच्या पिठात घोळवून झटका. ओल्या फळावर भिजवलेलं पीठ धरत नाही, घसरतं. दाबून बघा, पंचा ओला होत असेल तर अजून थांबा.

पिठासाठी एक वाटी मैदा, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ, रंगापुरती हळद, एक चमचा साखर आणि मूठभर पांढरे तीळ. बेसन नको. बेसनाची भजी मला प्रिय आहेत, पण त्याच्या वासाखाली अननस गुदमरतो. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं म्हणून कवच चिवट न होता चुरचुरीत होतं. नुसत्या मैद्याचं मात्र निवताच चामडं होतं. पाणी फ्रीजमधलं, साधारण वाटीभर, आणि शेवटच्या क्षणी घाला. चार वेळा ढवळून थांबा, थोड्या गुठळ्या राहिल्या तरी राहू देत. जितकं घोटाल तितका मैदा ताणला जातो. पीठ चमच्याच्या पाठीला धरेल इतपत, बटाटेवड्यापेक्षा बरंच सैल.

थायलंडमध्ये आणि मलेशियात केळी तळताना पिठात चुन्याची निवळी घालतात. थाई पिठात किसलेलं खोबरंही असतं. निवळी करून बघण्यासारखी आहे, कवच खरोखर ठिसूळ होतं. पानवाल्याकडून नुसता चुना आणा, कात लागलेला नको. हरभऱ्याएवढा ग्लासभर पाण्यात कालवा, तासभर हलवू नका, आणि वरचं नितळ पाणी दोनच चमचे पिठात घाला. खालचा गाळ अजिबात नको, तोंड आणि घसा भाजतो. लहान मुलं स्वयंपाकघरात घुटमळत असतील तर हा उद्योगच सोडा.

तेल कुठलंही, वास नसलेलं. माळव्यात घरोघरी सोयाबीनचं असतं, तेच चालेल. कढई अर्ध्याहून कमी भरा, ओलं फळ पडलं की तेल वर चढतं. झारा, चिमटा, कोरडं फडकं जवळ ठेवा. आणि जाळी? ओट्यावर आहे ना? भांड्यांच्या रॅकमध्ये असेल तर आत्ता उठा. हात पिठानं माखले, तेल तापलं आणि पहिला घाणा सोनेरी झाला की कुणीही जाळी शोधायला जात नाही, समोर जे भांडं दिसेल त्यात ओततो. तसंच होतं.

हॉट केस दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. मी गंमत करत नाही. पाहुण्यांसाठी गरम राहावं म्हणून हात तिकडेच जातो. पावसाळ्यात तर हवाच दमट, त्यात झाकण म्हणजे कहर.

तळणं. पिठाचा थेंब तळाशी जाऊन लगेच वर आला की तेल तयार, साधारण १७० अंश. एका वेळी चार-पाचच सोडा, जास्त टाकली तर तेल थंड होऊन भजी तेल पितात. फिकट पिवळी झाली की काढा, जाळीवर, एकाच थरात. सगळी झाली की आच वाढवा आणि १८५-१९० अंशांवर मिनिटभर पुन्हा तळा. थंडीत इंदूरच्या सराफा बाजारात गराडूवाला (गराडू म्हणजे एक कंद) हेच करतो: आधी तळून कडेला ठेवतो, गिऱ्हाईक आलं की कडक तेलात परत सोडतो, मग मसाला आणि लिंबू. या दुसऱ्या तळणीसाठी पाहुणे दारात आल्यावरच उठा. परत जाळीवर. थर नाही, झाकण नाही.

अननसावर जीरावन मसाला, पोह्यांवर टाकतो तोच. केळ्यावर हवी तर पिठीसाखर. दोन्ही ताटलीत वाढताना टाका, आधी नको. चटणी वेगळ्या वाटीत.

उरलेलं पीठ टाकून द्या. तेल निवल्यावर गाळा. फळाच्या साखरेनं ते काळपट होतं, दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका.