तवांगची तळी बघायला जाताय? आधी झेरॉक्स

ओळखपत्राची झेरॉक्स आणि इनर लाइन परमिटची, म्हणजे अरुणाचलात शिरायच्या परवान्याची, झेरॉक्स. प्रत्येक माणसाच्या तीन-तीन प्रती, घरून निघतानाच. गेल्या वेळी मावशींच्या कागदांच्या प्रती काढायच्या माझ्याकडून राहिल्या आणि त्या हॉटेलच्या खोलीत दिवसभर बसून राहिल्या. आम्ही बाकीचे तळी बघून आलो. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी हे.

होतं काय, की हे परमिट ऑनलाइन मिळतं, ते मोबाइलमध्ये असतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम. ते परमिट तवांगपर्यंत पोचवतं. पंगातेंग त्सो आणि सांगेत्सर ही तळी आणि बुमला खिंड हा चीनच्या सीमेलगतचा भाग, त्याला वेगळी परवानगी लागते. ती तवांगच्या जिल्हाधिकारी कचेरीतून आदल्या दिवशी घ्यायची, वर लष्कराचा शिक्का. हॉटेलवाला किंवा गाडीवाला हे करून देतो, पण त्याच्या हातात कागद द्यावे लागतात. मोबाइलमधला फोटो नव्हे, कागद. गावात काढू म्हणाल, तर वीज गेलेली असते. आणि शनिवारी संध्याकाळी पोचलात तर पुढे रविवार. तेव्हा तवांगला किमान दोन पूर्ण दिवस ठेवा आणि पहिल्या दिवशी सकाळीच कागद देऊन टाका. मुलांचेसुद्धा. आजी-आजोबांचे तर आधी तपासा, कारण त्यांची ओळखपत्रं घरच्या कपाटात राहतात. सोबत कोणी परदेशी पासपोर्टवाला असेल, अगदी सख्खा भाचा असला तरी, त्याला बुमलाला सोडत नाहीत. हे त्याला इथूनच सांगा, तिथे जाऊन तोंड पाडायला लावू नका.

गाडी तवांगचीच करावी लागते. गुवाहाटीहून आणलेल्या गाडीचा तिथे उपयोग नाही. सुमो ठरवताना पंगातेंग, बुमला आणि सांगेत्सर तिन्ही नावं घेऊन भाडं ठरवा, नाहीतर सांगेत्सरच्या फाट्यावर वाद होतो. सांगेत्सर म्हणजे आपल्याकडचे लोक ज्याला माधुरी लेक म्हणतात ते. माधुरी दीक्षितच्या चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं म्हणून हे नाव पडलं. मुळात भूकंपात दरी अडून तयार झालेलं तळं आहे, आणि बुडालेल्या जंगलातल्या झाडांचे वाळके बुंधे अजून पाण्यात उभे आहेत. वेळ राखायचा तो इथे. बुमलाला फोटो काढण्यात दीड तास घालवून इथे दहा मिनिटं उभं राहणारे लोक बघितले की जीव तुटतो.

उंचीला गांभीर्याने घ्या. तवांग सुमारे 10,000 फुटांवर आहे, बुमला 15,200. कळसूबाई 5,400. गुवाहाटीहून येताना वाटेतल्या दिरांगला मुक्काम करा, एकदम वर चढू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते घरच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. कापराची पुडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. डोकं ठणकून उलट्या होऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर औषध एकच आहे, खाली उतरणं. ‘एवढं आलोय तर बघूनच जाऊ’ हे वाक्य तिथे कोणी उच्चारू नये. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी पंगातेंगपर्यंतच जावं. शहरापासून 17-18 किलोमीटरवर आहे आणि सुंदर आहे.

सकाळी सहाला निघा. ईशान्येला नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आपल्या घड्याळाच्या सवयीने चाललात तर परतीचा घाट अंधारात. महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, आकाश स्वच्छ असतं. पावसाळ्यात दरडी. हिवाळ्यात तळी गोठतात, ते दृश्य वेगळंच, पण बर्फ पडला की रस्ता बंद, मग कोणाशी भांडून उपयोग नाही. एक दिवस हाताशी मोकळा ठेवा.

कपडे थरांचे, हातमोजे, कानटोपी. बर्फावर गॉगल हवाच, डोळे खरंच दुखतात. रोख पैसे, कारण वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. दशम्या, चिवडा, पाणी. स्वच्छतागृहं मोजकीच, दिसेल तिथे बायकांनी जाऊन घ्यावं. पॉवरबँक. प्लास्टिक परत आणा. लष्कराच्या चौक्यांचे फोटो नाही म्हणजे नाही. आणि निघण्याच्या आदल्या रात्री परमिटवरची सगळ्यांची नावं एकदा मोठ्याने वाचा. एक नाव राहिलं की एक माणूस राहतो.

परतीचं एकच. मार्च 2024 पासून तवांग-दिरांग वाटेवर सेला खिंडीजवळचा सेला बोगदा सुरू आहे, त्यामुळे चालक सरळ बोगद्यातून नेतात आणि वरचं सेला तळं हुकतं. हवा चांगली असेल तर खिंडीच्या रस्त्याने चल, असं तवांग सोडतानाच सांगा, बोगद्याच्या तोंडाशी नव्हे.