मान, टाळू आणि पाठीतलं पाणी

तालुक्याच्या गावात लहान मुलं तपासते, त्यामुळे ताप रोजचाच. पण तापात मूल गुंगीत असेल, उजेड नको म्हणत असेल, उलट्या होत असतील, तर मी आधी मान बघते. उताणं झोपवून डोकं हळूच उचलायचं. मान लाकडासारखी ताठ राहिली तर मेंदूज्वराचा संशय पक्का. वर्षाच्या आतल्या बाळात मात्र मानेवर विसंबू नका, ती मऊच राहू शकते. तिथे दूध न पिणं, किरकिर आणि बाळ शांत, उभं धरलेलं असतानाही फुगलेली टाळू बघा. अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबूनही दिसत राहिले, तर थेट मोठं हॉस्पिटल.

निदान होतं पाठीतल्या पाण्यावर, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या, कमरेत सुई घालून काढलेल्या पाण्यावर. ‘सुईने पाय जातात’ असं एखादी आजी म्हणतेच. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते, आजी. पाणी गढूळ, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, प्रथिनं जास्त, साखर रक्तातल्या साखरेच्या ४० टक्क्यांहून कमी, म्हणजे बोट जिवाणूंकडेच. रक्तातली साखर त्याच वेळी तपासा, ते हमखास राहतं. एक बाजू लुळी असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर पाणी काढण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन. मात्र सीटीसाठी अँटिबायोटिक अडवायचं नाही: रक्त कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) घ्या आणि पहिला डोस लगेच द्या.