वारंवार बंद पडणारा संगणक : विंडोज पुन्हा टाकण्याआधी रॅम तपासा

नागपूरच्या गांधीबागेतील एका परिचिताच्या कापड दुकानातला संगणक मालाची नोंद करता करता मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडत असे. दोनदा विंडोज नव्याने टाकून झाले, आणि तिसऱ्या वेळी तर फाइल खराब असल्याचा संदेश देऊन इन्स्टॉलेशनच अडले. दोष विंडोजमध्ये नव्हता, तर रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, आठ जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीत होता. रॅम सदोष असताना त्याच यंत्रावर विंडोज टाकणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

निळ्या पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असे शब्द आले, दर वेळी वेगळाच प्रोग्राम कोसळू लागला किंवा नुकतीच उतरवलेली झिप फाइल उघडेना, तर रॅमवर संशय घ्यावा. मात्र संदेश हा पुरावा नव्हे. सदोष ड्रायव्हरमुळेही (यंत्राचे भाग विंडोजशी जोडणाऱ्या प्रोग्राममुळेही) हेच शब्द दिसतात. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी घ्यावी, पण ती जुन्या चांगल्या बॅकअपवर चढवू नये, कारण खराब रॅममधून जाताना फाइलच बिघडू शकते.

तपासणीपूर्वी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग-पडद्यात जाऊन सेटिंग मूळ स्थितीत आणावे. तिथले एक्सएमपी हे सेटिंग सुरू असल्यास रॅम वाढीव वेगाने चालते, आणि पट्टी निर्दोष असूनही तो वेग मदरबोर्डला पेलत नाही, असे पुष्कळदा घडते. क्रॅश एवढ्यानेच थांबले, तर खर्च वाचला.

त्यानंतर स्टार्ट मेनूत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून चालवावे. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर निकाल इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील सिस्टिम नोंदीत दिसतो. ही चाचणी सोयीची असली, तरी तिच्यातून काही दोष निसटतात, म्हणून पेन ड्राइव्हवरून चालणारे ‘मेमटेस्ट ८६’ रात्रभर लावून ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. निकालात एकही त्रुटी चालवून घेऊ नये.

त्रुटी आढळल्यास संगणक बंद करून वीजजोड काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. पट्टी बसते त्या स्लॉटच्या टोकांच्या क्लिपा उघडून पट्टी कडांना धरून उचलावी. पट्टीच्या कडेवरील सोनेरी पिनांवर काळपट थर दिसला, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो पुसावा आणि पूर्ण सुकू द्यावा. नागपुरात हा थर विशेष पाहण्यासारखा असतो, कारण नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत डेझर्ट कूलर सुरू असतो आणि त्याचा ओलसर, धुळीचा झोत अनेक घरांत थेट कॅबिनेटवर येतो. कॅबिनेट त्या झोतातून बाजूला सरकवावे.

पट्टी परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोके क्लिप ‘खट्’ वाजेपर्यंत दाबावीत. आता एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये ठेवून चाचणी घ्यावी. नंतर दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये, आणि मग दोन्ही पट्ट्या अशाच एकेक करून दुसऱ्या स्लॉटमध्ये. त्रुटी पट्टीबरोबर फिरली, तर पट्टी खराब; कोणतीही पट्टी लावली तरी ठरावीक स्लॉटमध्येच त्रुटी येत असेल, तर दोष स्लॉटचा किंवा बोर्डाचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर हा निवाडाच होत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

सीताबर्डीत नवी पट्टी घेण्याआधी जुनीवरील स्टिकर जपावा, कारण अनेक कंपन्या रॅमवर दीर्घ वॉरंटी देतात. प्रकार तंतोतंत जुळवावा : डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांना डेस्कटॉपमध्ये २८८ पिना असल्या, तरी खाचेची जागा वेगळी असल्याने एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

नव्या पट्टीचीही मेमटेस्ट घ्यावी. ती निर्दोष निघाल्यावर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एसएफसी /स्कॅननाउ’ (sfc /scannow) ही विंडोजच्या बिघडलेल्या सिस्टिम फायली दुरुस्त करणारी आज्ञा चालवावी, आणि बिघाडाच्या काळात जतन केलेल्या हिशेबाच्या फायली एकेक उघडून पाहाव्यात.