किंमत ठेवून दोन समीकरणे सोडवताना

लातूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने सोयाबीन आणि तूर मिळून २० क्विंटल माल विकला, सोयाबीनला क्विंटलमागे ४,५०० आणि तुरीला ७,००० रुपये भाव मिळाला आणि हमाली-तोलाई वजा करण्यापूर्वी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, १,०५,००० रुपयांची झाली, असे धरू. सोयाबीन क्ष क्विंटल आणि तूर य क्विंटल मानली, की दोन समीकरणे मिळतात.

क्ष + य = २०
४५००क्ष + ७०००य = १०५०००

दुसऱ्या समीकरणाला आधी ५०० ने भागून घ्यावे, म्हणजे ९क्ष + १४य = २१० असे आटोपशीर रूप मिळते. ज्या चलाचा सहगुणक, म्हणजे त्याला गुणणारा आकडा, १ किंवा −१ असेल तेच चल एकटे करावे, कारण त्यामुळे अपूर्णांक टळतात. येथे पहिल्या समीकरणावरून क्ष = २० − य. ही किंमत दुसऱ्या समीकरणात कंसासह ठेवावी; पहिल्यातच ठेवली तर २० = २० एवढेच उरते आणि उत्तर मिळत नाही.

९(२० − य) + १४य = २१०
१८० + ५य = २१०
य = ६, क्ष = १४

या रीतीत माझ्या मते सर्वांत जपायचा तो कंस. ३क्ष − य = ७ आणि ५क्ष − २य = १० ही जोडी पाहा. य = ३क्ष − ७ ठेवल्यावर ५क्ष − २(३क्ष − ७) = १० मिळते; कंस सोडवताना −२ ने −७ लाही गुणायचे असल्याने +१४ येतात आणि क्ष = ४, य = ५ ही उकल निघते. तेथे चुकून −१४ लिहिले, तर क्ष = −२४ येतो.

ताळा दोन्ही मूळ समीकरणांत घ्यावा. आपल्या उदाहरणात १४ + ६ = २० आणि ६३,००० + ४२,००० = १,०५,०००.

दोन्ही मालांचा भाव ४,५०० च असता, तर किंमत ठेवताच चल नाहीसे झाले असते. पट्टी ९०,००० रुपयांची असती तर ९०००० = ९०००० उरले असते आणि २० क्विंटलची कोणतीही विभागणी चालली असती; पट्टीवर दुसरा कोणताही आकडा असता तर विधानच असत्य ठरून उकल मिळाली नसती.